हातोडेरावांची कडी

मोठे साहेब चहाला घरी येणार म्हटल्यावर दुसऱ्या कुणी घर झाडून घेतलं असतं. हातोडेरावांनी बाथरूमच्या दाराची धडधाकट कडी उपटली आणि तिथे स्वतः घडवलेली बसवली.

ऑफिसात ते तक्रार विभागात कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी लोहार. म्हणून सगळे त्यांना हातोडेराव म्हणत. लोहारकामाला कुणी छंद म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. 'साधना' म्हणावं लागे. मागच्या अंगणात भट्टी, भाता, ऐरण असा सगळा थाट मांडला होता. त्यातून आजवर एक उलथनं निघालं होतं आणि ते उचलायला दोन हात लागत. सध्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. ती साहेबांच्या हातात होती, आणि तिच्यापायी हातोडेरावांची झोप उडाली होती.

"अहो, जुनी कडी काय वाईट होती?" बायकोनं विचारलं.

"बाजारू होती. वर स्क्रू! स्क्रू आळशी माणसं लावतात. मी रिवेट ठोकलेत. आता जन्मात निघायची नाही."

साहेब आले, चहा प्यायले, हात धुवायला गेले आणि आतून कडी लावली. दांडा गार होताना जरासा वाकला होता, त्यामुळे त्यांनी ती चांगला जोर लावून सरकवली. मग ती तिथेच रुतून बसली.

"अहो, ही उघडत नाहीये!"

"उघडते साहेब. तुम्ही सरळ ओढत असाल. आधी जरा उचला."

"उचलली!"

"मग जास्त उचललीत."

आतून दारावर धपाधप बुक्के बसू लागले. बायको लोखंड कापायची करवत घेऊन धावली. "फटीतून घाला आणि कापा ती कडी!"

"कापा? महिनाभर घाम गाळलाय मी!" हातोडेराव दाराला पाठ लावून उभे राहिले. "साहेब, कडीत काही दोष नाही. तुमची पकड चुकतेय. मनगट सैल सोडा."

आतून जे उत्तर आलं ते बायकोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुताराला फोन लावला. बऱ्याच वेळानं सुतार उगवला.

"दाराचं काय वाटेल ते कर, पण कडीला हात लावू नकोस," हातोडेरावांनी बजावलं.

"बिजागऱ्या कुणी बनवल्यात?"

"बाजारच्या आहेत."

"मग चिंता नाही," म्हणत त्यानं हां हां म्हणता दार उतरवलं.

घामानं निथळत साहेब बाहेर आले. बढतीवर पाणी पडलं, हे बायकोनं ओळखलं. हातोडेरावांनीही ओळखलं, पण जीभ कसली ऐकते! "बघितलंत साहेब? कडी जागची हलली नाही."

साहेबांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"आत माणूस तासभर बोंबलतोय, आणि तुम्ही बाहेर उभे राहून त्याचीच चूक काढताय," ते म्हणाले. "तक्रार विभागाला याहून लायक प्रमुख मला शोधून सापडायचा नाही. उद्यापासून खुर्चीवर बसा."