पंचुकाकांचा मोरमिळगा

कावळ्यांना शिव्या द्यायच्या त्या तमिळमध्येच, असा पंचुकाकांचा नियम होता. उन्हाळाभर ते माडीवरच्या गच्चीत छत्री उघडून बसत आणि समोर चटईवर मोरमिळगा, म्हणजे ताकात मुरवलेल्या मिरच्या, वाळत असत. कावळा उतरला की "पोडा!" म्हणून ओरडत. घरात मात्र पक्की तंजावरी मराठी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्यांस मराठी कोठें कळतें?"

पंचापकेशराव हे त्यांचं पूर्ण नाव. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ते आमच्या शेजारी राहत. ओरत्तनाडूकडे त्यांचं थोडं शेत होतं, तिथून बसने पिशव्या भरभरून भाजी आणत. भाजी कुणाच्याही घरची असो, "कोठलें शेत? केव्हां तोडली?" हे दोन प्रश्न ठरलेले. सकाळी तोडलेलं वांगं दुपारच्या आत शिजलंच पाहिजे. गवार परतायची ती वाटलेल्या तूरडाळीतच. कैरीच्या आंबटगोड पच्चडीत गूळ घालायचा तो कैरी मऊ पडल्यावर, आधी नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते आचाऱ्याला बोलावून घेत आणि पानावरच्या पदार्थांवरून त्याची हजेरी घेत.

आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा गल्लीतले सगळे कौतुकाने बघून गेले. काकांनी दार उघडून आत डोकावलं. "ही तर भाजीची आस्पत्री. आंत गेलेली धड बाहेर येत नाहीं." नव्या फ्रिजला इस्पितळ म्हटल्यावर आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तरीही मोरमिळग्याची वाट तीसुद्धा बघायची. दर उन्हाळ्याच्या शेवटी काका घरोघर डबे पोचवत. मिरच्या त्यांच्या शेतातल्या, हात अक्काचा. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं. आता गुडघे धरल्यामुळे ती माडीवरून खाली उतरत नसे.

मग एका वर्षी डबा कुणाकडेच आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. "म्हातारा सगळं एकटाच खातो," गल्लीत बोलणं सुरू झालं. आईने दुकानातून मोरमिळग्याचं तयार पाकीट आणलं आणि खिडकी सताड उघडी ठेवून तळलं. पंचुकाका गच्चीतून कावळ्यांनाच शिव्या देत राहिले. इतर वेळी शब्दही खाली पडू न देणारा माणूस हे ऐकून घेतो, याचं मला नवल वाटलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी आमच्याकडे त्यांचा फोन आल्याचा निरोप द्यायला वर गेलो. दिवसभर वाळलेल्या मिरच्या अक्का पुन्हा ताकाच्या भांड्यात सोडत होती. ते रोजचंच होतं; सकाळी उन्हात, संध्याकाळी ताकात. मग तिने मूठभर मीठ घेतलं आणि भांड्यात टाकलं.

"अक्का, मीठ तर पहिल्या दिवशीं..." मी बोलून गेलो. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला जिन्याशी नेलं.

"रोज घालते," ते हळूच म्हणाले. "जिभेची चव गेली तिची. घातलेलें आठवतही नाहीं."

"तुम्ही सांगत का नाही?"

"काय सांगूं? दुसरें काय राहिलेंय तिच्या हातांत?"

"मग या मिरच्या?"

"मी खातों." डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. "टाकल्या तर पाहील ती. लोकांस दिल्या तर बोलतील."

आतून अक्काने मला हाक मारली. तिने एक मिरची तळून दहीभातावर ठेवली होती. मी घास घेतला. समुद्राचं पाणी प्यावं तसं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"पंचू सांगतो, गल्लींत सगळ्यांस मोरमिळगा आवडतो म्हणून," ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली. "तुझ्या आईस आवडला की?"

काका दारात उभे होते. चवीच्या बाबतीत लग्नाच्या आचाऱ्यालाही न सोडणारा तो माणूस माझ्याकडे अक्षरशः याचना करत बघत होता. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. मी घास गिळला.

"आई अजून मागतेय, अक्का," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. "ऐकलास की रे, पंचू? उद्यां शेताकडे जा. आणखी एक भांडें घालूं."

"जातों की, अक्का," पंचुकाका म्हणाले, आणि माझ्या पानातली उरलेली अर्धी मिरची त्यांनी उचलून तोंडात टाकली.