रत्नाबाईंचा गुडघा आणि जावईबापूंचं जाकीट

अवधूतने सासूबाईंना शब्दच देऊन टाकला. "आई, माणूस चुकेल. कॉम्प्युटर चुकणार नाही."

हे वाक्य इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात त्याच्या तोंडून कधी निघालं नसतं. तिथे कॉम्प्युटरच्या चुका शोधण्याचाच त्याला पगार मिळे. पण चिकपेटेत, कापडाच्या दुकानावरच्या सासुरवाडीत, पुण्याचा जावई म्हणून मानाची खुर्ची मिळाली की त्याच्या जिभेला ब्रेक राहत नसे.

रत्नाबाई दीड वर्षात जिना उतरल्या नव्हत्या. भाजी घ्यायची तर गॅलरीतून दोरीला टोपली सोडत आणि दोन मजल्यांवरून कानडीत घासाघीस करत. शेवटी डॉक्टर भीमाचार्य म्हणाले, गुडघ्याचा सांधा बदलू. साल होतं १९९९, आणि त्यांच्याकडे नवंकोरं यंत्र आलं होतं. हाडांना चमकते गोळे लावायचे, कॅमेरा ते गोळे पाहणार आणि हाड नेमकं कुठे कापायचं ते कॉम्प्युटर पडद्यावर दाखवणार. कापणार मात्र डॉक्टरच.

"लाइटच्या बिलावर कॉम्प्युटरने माझं नाव रत्नप्पा छापलंय," रत्नाबाई म्हणाल्या. "तो माझा गुडघा काय ओळखणार?"

मग अवधूतने डॉक्टरांना गळ घातली, की आईंना एकदा प्लॅस्टिकच्या हाडांवर सगळं दाखवा.

शनिवारी सकाळी अवधूतची बायको सिद्धी आपल्या आईला, रत्नाबाईंना, खुर्चीसकट जिन्यावरून उचलून उतरवून, चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात घेऊन आली. अवधूत मोटरसायकलवरून आला. अंगात जर्मनीहून आणलेलं जाकीट होतं. रात्री ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून त्याच्या पाठीवर आणि बाह्यांवर रुपेरी पट्टे होते. ते जाकीट तो एप्रिलमध्येसुद्धा घालायचा.

यंत्र चालवणाऱ्या कल्पनाने बटण दाबलं. पडद्यावर सुरेख पाय उमटला.

"हे बघा आई," म्हणत अवधूत समजावून सांगायला पुढे सरकला, आणि पडद्यावरचा पाय ताडासारखा लांबला. त्याने हात उचलला, तसं पाऊल मांडीवर चढून बसलं.

"अय्यो," रत्नाबाई म्हणाल्या, "असलाच बसवणार का मला?"

"नाही हो आई, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. रीस्टार्ट करा."

कल्पनाने यंत्र बंद करून चालू केलं. अवधूतने वाकून पडद्यात डोकं घातलं. कॉम्प्युटरच्या मते आता गुडघा दाराजवळ होता. भीमाचार्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि खरोखरच दाराकडे पाहिलं. अवधूत घामाघूम झाला. कॅमेऱ्याची वायर, टेबलाचा पाय, कल्पनाचं शिक्षण, सगळ्यावर त्याने शंका घेतली. घसा कोरडा पडला म्हणून तो पाणी प्यायला बाहेर गेला.

पाय जागेवर आला.

तो परतला. पाय पुन्हा दाराकडे निघाला.

रत्नाबाई खुर्चीत सावरून बसल्या. "अवधूतराव, स्वल्प बाहेर जा बघू."

गेला. पाय सरळ.

"आता आत या."

पाय वाकडा. हा खेळ त्यांनी चारदा केला. पाचव्यांदा तर नुसती मजा म्हणून केला, असं सिद्धीचं आजही म्हणणं आहे. मग कल्पनाने जाकिटाच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "कॅमेरा यांनाच गोळे समजतोय, सर."

अवधूतने जाकीट काढलं. आत बनियन होता, त्याला खांद्याशी भोक होतं.

"सरी, ठीक आहे," रत्नाबाई म्हणाल्या. "मशीन हुशार आहे. चमकेल तिकडे बघतं. करा ऑपरेशन."

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने यादी वाचली. "बांगड्या काढल्या? कवळी काढली?" तिसऱ्या ओळीशी ती अडखळली. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक शब्द वाढवलेला होता. "जावई?"

"कँटीनमध्ये बसवलाय," रत्नाबाई म्हणाल्या.

सांधा उत्तम बसला. तिसऱ्या दिवशी रत्नाबाई वॉकर धरून खिडकीपर्यंत चालल्या, आणि सिद्धीला रडू आलं. अवधूत साध्या सुती सदऱ्यात दाराबाहेर उभा होता.

"आई, येऊ का आत?"

रत्नाबाईंनी आधी आपला गुडघा पाहिला. मग खोलीत कुठे कॅमेरा नाही ना, ते पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या. "पण समजावून काही सांगू नका."