एकाच फाइलीत सगळं ऑफिस

"राग आला की तोंडात पाण्याचा घोट धर. राग उतरेपर्यंत गिळायचा नाही."

आईचं हे सांगणं ताईंनी जन्मभर पाळलं. ऑफिसातला सर्व्हर सांभाळायचा म्हणजे रागाला तोटा नाही, त्यामुळे त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली कायम भरलेली. त्या सकाळी मात्र याच घोटाने घात केला.

इस्पितळाच्या बांधकामाची निविदा बाराच्या आत पाठवायची होती. हे काम गेलं तर अर्धं ऑफिस घरी बसेल, आणि त्यात पहिलं नाव सर्व्हरवालीचं, असं साहेबांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. मग त्यांनी आपली युक्ती जाहीर केली. निविदेची फाइल एकच, आणि झाडून सगळ्यांनी एकाच वेळी तिच्यात बसून लिहायचं. दहा हात लागले की डोंगर हलतो म्हणे!

ताईंच्या मस्तकात तिडीक गेली. नियमाप्रमाणे त्यांनी घोट घेतला, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी विचारलं, "काय ताई, सर्व्हरला झेपेल ना?"

ताई गाल फुगवून जोरजोरात नकाराची मान हलवू लागल्या. पण तोवर साहेबांची पाठ फिरली होती.

"ताईंची हरकत नाही. बसा रे सगळे."

बसले. एकाने टाइप केलेलं प्रत्येक अक्षर सर्व्हरने बाकीच्या सगळ्यांना नेऊन द्यायचं, असा तो मामला. पंगत मोठी आणि वाढपी एकटा, तशी सर्व्हरची गत झाली. अक्षरं उमटेनात. नकाशेवाल्यांनी 'पाया' दिसेना म्हणून पुन्हा पुन्हा टाइप केलं. मग सगळे पाये एकदम आले, आणि इमारतीचं छत चार पानं पुढे ढकललं गेलं. हिशेबाच्या काकू फाइल बंद करून परत उघडू लागल्या. त्यांचं बघून अख्खा हॉल तेच करू लागला. उघडणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरने फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाढायची. त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं.

आता साहेबांनी उपाय केला. फाइलीच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे.' आणि सगळ्यांच्या फोनवर कळवलं, की फाइलीत महत्त्वाची सूचना आहे, उघडून वाचा. कंटाळून बाहेर पडलेले होते तेही परत आत आले. काकूंनी सूचनेखाली 'वाचले' असं लिहिलं. मग त्याखाली सगळ्यांनीच.

ताईंनी घोट गिळला. राग उतरला नव्हता, तरी गिळला. केबिनच्या दारात उभ्या राहून, देवापुढे बोलावं इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "साहेब, आता आत फक्त नकाशेवाले आणि काकू. तिसरं कुणी दिसलं, तर त्याची वायर उपटीन. शब्द देते."

साहेबांनी मुकाट मान डोलावली. ती मात्र ताईंना दिसली.

फाइल पळू लागली. जास्तीचे पाये निघाले, छत जागेवर आलं, शेवटचं पान तेवढं उरलं. आणि सगळं पुन्हा गोठलं. काकू रडवेल्या झाल्या. ताईंनी आत कोण कोण आहे ते पाहिलं. साहेब. त्याखाली पुन्हा साहेब. त्याखाली आणखी साहेब. दर वेळी दिसायला उशीर झाला म्हणून गृहस्थाने फाइल नव्याने उघडली होती, आधीची एकही बंद न करता.

ताईंनी फोन लावला. मी लिहीत कुठे आहे, नुसतं बघतोय, असं साहेबांचं म्हणणं.

"बघणाऱ्यालाही वाढावं लागतं, साहेब."

त्यांनी फोन ठेवला, बाह्या सारल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

"पाय जरा वर घ्या," त्या म्हणाल्या, आणि टेबलाखाली शिरल्या.