एक इंच जास्त

"बसत नाहीये," शिडीच्या पाचव्या पायरीवरून भाऊसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. हिरव्या रंगाच्या लांब लाकडी पट्टीचं एक टोक स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीकडच्या खाचेत नीट बसलं होतं. दुसरं टोक मात्र न्हाणीघराकडच्या खाचेला ओलांडून एक इंच पुढे आलं होतं.

"बसेल हो. नीट बघा," खालून शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली.

"किती नीट बघू? डोळे फुटायची वेळ आली. तू माप किती सांगितलं होतंस?"

"सत्त्याण्णव इंच."

"मग इथलं अंतर शहाण्णव कसं भरतंय?"

"शहाण्णवच आहे ते," बायको शांतपणे म्हणाली. "दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच मार्जिन धरलं ना मी."

"मार्जिन?"

"शिवणीत जातं ते! मार्जिन धरल्याशिवाय आजवर कधी माप लिहिलंय का मी?"

भाऊसाहेबांनी शिडीचा दांडा घट्ट धरला. बायको गावात टेलरबाई म्हणून ओळखली जायची. तिने शिवलेलं अंगाला कधी काचलं नाही, अशी तिची ख्याती होती. "अगं, पण हे लाकूड आहे!"

"मग तुम्ही मोजून बघायचं होतं."

"मी कशाला मोजू? तू कागदावर लिहून दिलं होतंस!"

हेही खरंच होतं. भाऊसाहेब नोंदणी कचेरीत सत्तावीस वर्षं कारकून होते. कागदावर आलेला आकडा खरा धरायचा आणि त्याला खोडरबर लावायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्या बाण्यानेच ते वखारीत गेले होते आणि सत्त्याण्णव इंचांच्या तेरा पट्ट्या कापून घेऊन आले होते. बारा कामाच्या आणि एक जादा.

अंगणावर मांडव घालायचा हा सगळा खटाटोप दोन वर्षं जमिनीवर लोळणाऱ्या द्राक्षाच्या वेलासाठी होता, असं ते सगळ्यांना सांगत. खरा जीव अडकला होता तो सासऱ्यांच्या हत्यारांच्या पेटीत. अण्णा जुने सुतार. त्यांनी केलेली दारं करंगळीने लोटली तरी मिटायची. लग्नानंतर एकदा भाऊसाहेबांना त्या पेटीच्या झाकणाला हात लावू दिला होता, तेवढ्यावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. आता अण्णांचे हात कापू लागले होते. गेल्या महिन्यात ते म्हणाले होते, "जावईबापू, एक काम स्वतःच्या हातानं करून दाखवा. उभं राहिलं तर पेटी तुमची. नाही तर माझ्या शागिर्दाला देऊन मोकळा होतो." आणि अण्णा आज दहाच्या बसने यायचे होते.

सव्वानऊ झाले होते.

भाऊसाहेबांनी शेजारून करवत आणली आणि जादा पट्टी कापून बघितली. करवत दोनदा अडकली, तिसऱ्यांदा भलतीकडेच गेली. कापलेली पट्टी खाचेत ठेवायला गेले, तर ती दोन इंच आखूड भरली आणि थेट त्यांच्या टकलावर आली.

"म्हणून तर मार्जिन धरतात," बायको म्हणाली.

"आता काय करायचं? खाचा पाडायला मला आठवडा लागलाय. दोन्ही अंगठे ठेचून घेतलेत!"

"कापू नका. दाबून बसवा. तंग ब्लाऊज कसा बसवतात?"

"मला काय माहीत कसा बसवतात?"

"मधून वर उचलायचा आणि कडा आत सारायच्या. मी दुसऱ्या शिडीवरून उचलते, तुम्ही टोक ढकला."

दुसरा इलाज नव्हताच. बायकोने पट्टीच्या मध्याला खांदा लावला, भाऊसाहेबांनी डोळे मिटून टोक ढकललं. पट्टी कुरकुरली, थरथरली, आणि खट्कन खाचेत बसली. भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

पट्टी मोडली नव्हती. मधोमध चांगली अर्धा फूट वर उचलली जाऊन तिची सुरेख कमान झाली होती. फक्त एक इंच जास्त, आणि तेवढ्यावर लाकूड एवढं वर गेलं! भाऊसाहेबांना हे पटेना. त्यांनी टेप लावून बघितली. सहा इंच.

"अगं, हे काय झालं?"

"छान झालंय," बायको हळूच म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता.

मग दोघांनाही चेव चढला. दुसरी बसली, पाचवी बसली, दहावी बसली. दर पट्टीगणिक अंगणावर एक हिरवं छत उगवत गेलं. बारावी बसली तेव्हा दोघं खाली उतरली आणि माना वर करून उभी राहिली. ऊन पट्ट्यांमधून झिरपत खाली येत होतं आणि फरशीवर वाकड्या सावल्यांची ओळ पडली होती. भाऊसाहेबांना एकाएकी भरून आलं. असं काही आपल्या हातून होऊ शकतं, हे त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"अरे, दार कुणी धरलंय?" न्हाणीघरातून आवाज आला.

भाऊसाहेबांच्या आत्या! त्या नऊ वाजता डोक्यावरून न्हायला गेल्या होत्या. अंघोळीला तासभर लावायची त्यांची पद्धत होती. त्या तासाभरात बारा पट्ट्यांनी मिळून फळ्यांचं न्हाणीघर केसभर पलीकडे रेटलं होतं, आणि दार चौकटीत गच्च आवळलं गेलं होतं.

भाऊसाहेबांनी ओढलं, बायकोने ओढलं. दार हलेना.

"एक पट्टी काढली की सुटेल," बायको म्हणाली.

"आत्ता? अण्णा येतील एवढ्यात! कमान मोडायची?" भाऊसाहेब दाराशी तोंड नेऊन गयावया करू लागले. "आत्या, दहा मिनिटं कळ काढ ना जरा."

"दहा मिनिटं? मेल्या, माझ्या बोटांच्या मनुका झाल्यात!"

तेवढ्यात फाटक वाजलं. अण्णा आत आले. कंडक्टरने फाटकाशी उतरवून दिलेली हत्यारांची पेटी तिथेच होती. काठी टेकत ते अंगणाच्या मध्यापर्यंत आले आणि त्यांनी वर बघितलं. मग काठी टेकायची थांबली.

आतून आत्या दार बडवत होत्या, ते त्यांच्या कानात शिरलं नसावं.

"हा बाक कुणी दिला?" शेवटी त्यांनी विचारलं. "लाकूड वाफवून, साच्यात आठवडाभर आवळून असा बाक काढावा लागतो. उभ्या जन्मात मला तो एकदाच साधला. जावईबापू, तुम्ही?"

एवढा एक "हो" म्हणायचा होता. पेटी फाटकाशी होती. भाऊसाहेबांच्या जिभेवर तो शब्द आलासुद्धा. पण सत्तावीस वर्षांत खोटी नोंद त्यांनी कधी केली नव्हती.

"नाही अण्णा. हिनं मापात मार्जिन धरलं. मी न मोजता कापून आणलं. मग हिच्याच सांगण्यावरून दाबून बसवलं."

"किती मार्जिन?"

"एक इंच."

"एका इंचाला एवढा बाक?" अण्णांनी काठी वर करून कमानीला हलकेच लावली. "साठ वर्षं लाकूड कापलं मी. जास्त झालं की कापायचं, एवढंच केलं. ठेवून बघावं, हे सुचलंच नाही."

"कोण आहे तिकडे? माणसं आहात का कोण?" आत्या ओरडल्या.

अण्णांनी दाराकडे बघितलं, मग वर. "ती शेवटची काढा. दारावरची."

भाऊसाहेबांनी जड मनाने पट्टी सोडवली. दार आपोआप उघडलं. डोक्याला पंचा गुंडाळून, शब्द तोंडात तयार ठेवूनच आत्या बाहेर पडल्या, आणि वर बघून तशाच थांबल्या.

"अगं बाई! हे आपल्याच घरी का?"

अण्णांनी कमरेची किल्ली काढली. भाऊसाहेब नकळत एक पाऊल पुढे झाले. किल्ली त्यांच्या समोरून गेली आणि बायकोच्या तळहातावर टेकली.

"पेटी याच घरात राहील. बोललोय तसं. पण किल्ली हिची," अण्णा म्हणाले आणि लेकीकडे वळले. "लहानपणी माझ्या शेजारी बसून करवतीचा भुसा गोळा करायचीस. तेव्हा पेटी कधी मागितली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, अण्णा," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली.

भाऊसाहेबांना वाईट वाटायला हवं होतं. पण ते पुन्हा वर बघत होते, आणि त्यांना वाईट वाटेना.

बायको मात्र फार वेळ रडत बसली नाही. तिने पेटी उघडली, रंधा काढला आणि न्हाणीघराच्या दाराला टेप लावली. दार तासलं की बारावी पट्टी पुन्हा चढवता येणार होती.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "पाव इंच तासायचं."

भाऊसाहेबांनी कानामागची पेन्सिल काढली. कागदाला टेकवली, आणि मग थांबले.

"मार्जिन धरून की सोडून?"

"धरून," बाप आणि लेक एकदमच म्हणाले.

भाऊसाहेबांनी तसं लिहिलं, आणि या खेपेला स्वतः जाऊन मोजूनही आले.