इंजिन वगळता गाडी उत्तीर्ण

घरात गाडी घेण्याचा प्रस्ताव बायकोने रीतसर मांडला नाही. ती नुसतं म्हणाली, "एखादी जुनी गाडी बघा. रंग कुठलाही चालेल. सकाळी चावी फिरवली की सुरू झाली पाहिजे." इतक्या मोघम मागणीवर आमच्या कार्यालयात साधा झाडूचा दांडाही मंजूर होत नाही. पण घरचं माणूस म्हणून मी ती दाखल करून घेतली.

मागणीमागे कारण होतं. बायको प्रसूती विभागात नर्स आहे. तिचं रुग्णालय शहराबाहेर हललं. तिची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते आणि तिकडे जाणारी पहिली बस सव्वासातला निघते. दोन उशीर आधीच नोंदले गेले होते. तिसऱ्या उशिराला तिला विभागातून उचलून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवणार होते. सव्वीस वर्षं बाळं हातात घेतलेल्या बाईने आता फायली हातात घ्यायच्या. त्यात एवढं वाईट काय, हे मला नीट कळलं नाही, पण ती दोन दिवस धड जेवली नाही हे कळलं.

मी तपासणी शाखेचा प्रमुख आहे. बावीस वर्षांत माझ्या सहीशिवाय एकही जुनी वस्तू कार्यालयात आलेली नाही. आम्ही पास केलेली खुर्ची मोडली तर चौकशी बसणाऱ्याची होते, खुर्चीची नाही, इतकी आमच्या कामाची पत आहे. तेव्हा घरची गाडी मी ऐऱ्यागैऱ्यासारखी नुसती बघून घेणं शक्य नव्हतं.

अडचण एवढीच होती की गाड्या तपासण्याचा नमुना आमच्या शाखेकडे नव्हता. तो वाहन शाखेकडे असतो आणि एका टेबलफॅनच्या मालकीवरून त्यांच्याशी आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. म्हणून मी आमचाच नमुना सात घेतला: वापरलेल्या फर्निचरची तपासणी. पन्नास मुद्दे, प्रत्येकी एक गुण, पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण. पाय चारही आहेत काय, डुगडुगते काय, दारं लागतात काय, कुलूपकिल्ली आहे काय, वाळवी आहे काय. गाडीला यातलं सगळं लागू पडतं. इंजिन तेवढं कुठे बसेना, म्हणून ते मी पन्नासाव्या मुद्द्यात घातलं. तो मुद्दा 'इतर' असा आहे.

समिती तिघांची केली. मी अध्यक्ष. मेहुणा सदस्य, त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, कारण त्याच्याकडे कधीच गाडी नव्हती. तिसरा एक मेकॅनिक. त्याच्या दोन्ही मुली बायकोच्या हातून जन्मल्या, म्हणून तो आपण होऊन आला होता. त्याला मी तांत्रिक सदस्य केलं, मताधिकार नाही. बायकोला घेतलं नाही. लाभार्थीने समितीत बसू नये असा संकेत आहे.

रविवारी आम्ही जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. मालक तोंडात साखर ठेवून बोलणारा होता. त्याने एक पांढरी गाडी दाखवली. अशी चकाचक की मेहुण्याने तिच्यात बघून भांग सारखा केला.

मेकॅनिकने तिला न्याहाळलंही नाही. त्याने सरळ बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम आहे," तो म्हणाला. "आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय. थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असणार."

"पाहुणे येणार म्हटल्यावर थोडी तयारी करावी लागते, साहेब," मालक म्हणाला.

मला तो शिष्टाचार आवडला. मुद्दा तीन, वस्तू पाहणीसाठी तयार ठेवली आहे काय. होय. एक गुण.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. आतलं इंजिन ताटासारखं घासलेलं होतं. "एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन इतकं स्वच्छ नसतं," तो म्हणाला. "कुठून ऑइल गळतंय ते कळू नये म्हणून धुतलंय." मी मुद्दा आठ बघितला. त्यात स्वच्छता का केली असं विचारलेलं नाही, केली आहे काय एवढंच विचारलं आहे.

मग त्याने ऑइलचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पांढरट, सायीसारखं काहीतरी चिकटलं होतं. "ऑइलमध्ये पाणी शिरलंय. हे लक्षण बरं नाही."

मेहुण्याने बोट लावून पाहिलं. "भावोजी, काळं असतं तर गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "पांढरं म्हणजे ताजं आहे."

मालकाने त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. "यांना कळतं," तो म्हणाला. मेहुण्याला हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. तिथून पुढे तो गाडीच्या बाजूने झाला.

गाडी चालू केली. मागून निळा धूर आला आणि आवारातली मांजर उठून गेली. मेकॅनिक म्हणाला, "ऑइल जळतंय." मी वाळवीचा मुद्दा उघडला. इतक्या धुरात वाळवी राहणं शक्य नव्हतं. पूर्ण गुण.

मेकॅनिकला आता घाम फुटला होता. "आवाज ऐका तरी," तो म्हणाला. आतून कोणीतरी हातोडीने दार ठोठावत असल्यासारखी ठकठक येत होती. मालकाने हात घालून गाणी लावली, आवाज वाढवला आणि विचारलं, "आता येतोय आवाज?" येत नव्हता. आवाज येत नाही असं मी लिहिलं. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही.

"समोरचा इंजिनाचा दिवा बघा," मेकॅनिक गाण्यावर ओरडून म्हणाला. "चावी फिरवली की तो एकदा पेटायला हवा आणि मग विझायला हवा. हा पेटतच नाही. बल्ब काढून टाकलाय."

"म्हणजे गाडी कसलाही इशारा देत नाही," मी म्हणालो.

"देऊच शकत नाही, साहेब."

"मी तेच लिहितोय."

त्याने मला गाडीपासून बाजूला घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "अहो, ताईंना रोज सकाळी सातला पोचायचंय. ही गाडी घेऊ नका. तुमच्या कागदावर तसं लिहा."

त्याची तळमळ मला कळत होती. मी पूर्ण नमुना दोनदा चाळला. पण 'घेऊ नका' असं लिहिण्यासाठी त्यात रकाना नव्हता. शेरे लिहायला जागा होती, पण ती काळ्या शाईने भरायची असते आणि त्याच्याकडे निळं पेन होतं.

बेरीज केली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. एक गुण इंजिनाचा गेला. तिथे मी कसलीही सूट दिली नाही. दुसरा गुण आतल्या राखदाणीला झाकण नव्हतं म्हणून गेला. झाकणावरून मात्र मी अडून बसलो. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी मालकाने शेजारच्या गाडीचं झाकण काढून आमच्या गाडीला लावलं आणि आम्ही एकोणपन्नासवर आलो. अठ्ठ्याण्णव टक्के. आमच्या घराण्यात आजवर कोणालाही इतके पडलेले नाहीत.

घरी बायकोने निकालपत्रक शेवटापर्यंत वाचलं. "इंजिनाला शून्य?" तिने विचारलं.

"एका विषयात. एकूण बघ की."

"अहो, गाडी इंजिनावर चालते."

"टक्केवारीत ते दोनच टक्के येतं," मी समजावलं. तिने कागदाची घडी करून तो माझ्या हातात परत दिला आणि ती डबा घासायला निघून गेली. मी ते संमती म्हणून नोंदवलं आणि संध्याकाळी पैसे मोजून गाडी घरी आणली.

सोमवारी सकाळी सहाला तिने चावी फिरवली. गाडी खोकली. दुसऱ्यांदा फिरवल्यावर कण्हली. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. मी आणि मेहुण्याने ढकलली. एकोणपन्नास गुणांची गाडी ढकलायलाही जड असते. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथे तिने निळ्या धुराचा एक लोट सोडला आणि कायमची बसली. साडेसहा वाजले होते. बायको पांढऱ्या गणवेशात, पिशवी छातीशी धरून फूटपाथवर उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली, हे मी इथे स्वच्छ लिहितो. कुठल्या नमुन्यात लिहायचं हे मात्र अजून ठरलेलं नाही.

तिने मेकॅनिकला फोन केला. तो पाच मिनिटांत आपली स्कूटर घेऊन आला. एक आरसा नाही, सीट फाटलेली, हॉर्न वाजवायचा तर तोंडाने. माझ्या हातात सवयीने पेन होतंच. स्कूटरला पन्नासपैकी अकरा पडले, त्यातला एक वाळवी नाही म्हणून. "ही नापास आहे," मी बायकोला सांगितलं.

"बसू का, भाऊ?" तिने मेकॅनिकला विचारलं. एका किकमध्ये स्कूटर सुरू झाली. ती सातला तीन मिनिटं कमी असताना पोचली. आता ती स्कूटर तिची आहे. माझ्या परवानगीशिवाय घेतलेली ही घरातली पहिली वस्तू, आणि रोज सुरू होणारी एकमेव.

मी आवाराच्या मालकाकडे तक्रार घेऊन गेलो. त्याने मला आदराने बसवलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. माझा तपासणी अहवाल, माझ्या सहीसकट, चौकटीत लावलेला होता. "तुमच्यामुळे धंद्याला विश्वासार्हता आली, साहेब," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याने त्याच अहवालावर सहा गाड्या विकल्या होत्या. त्यांतली एक आमच्या मोठ्या साहेबांनी घेतली होती.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचे तळहात गाडी ढकलून लाल झाले होते. मी बदलीच्या तयारीने उभा राहिलो. ते म्हणाले, "गाडीचं जाऊ द्या. नमुना फार सुटसुटीत आहे. यात कोणावरच जबाबदारी येत नाही. हा सगळीकडे लावू." महिन्याभरात तसा आदेश निघाला आणि मला बढती मिळाली. आता नमुना सात पाळण्यांना लागू आहे, पुलांना लागू आहे, लिफ्टना आणि घरांनाही लागू आहे.

आपण बायकोच्या बाजूने होतात, हे मला ठाऊक आहे. इंजिनासाठी पन्नासपैकी एकच गुण ठेवलेला बघून हसलातही असाल. हरकत नाही. आपण हे जिथे बसून वाचताय ती इमारत गेल्याच महिन्यात माझ्या टेबलावरून गेली. रंग उत्तम, खिडक्या उत्तम, जिन्याचा कठडा गुळगुळीत. पन्नासपैकी एकोणपन्नास गुण देऊन मी स्वतः सही केली आहे. गेलेला गुण पायाचा होता.