हेडसरांचा वर्षावनातला वर्ग

परदेशातल्या वर्षावनात तीन महिने बिनपगारी शिकवायला निघालेल्या हेडसरांकडे संस्थेने पालकाची सही मागितली, तेव्हाच खरे तर त्यांनी थांबायला हवे होते.

"पालकाची?" बायको म्हणाली. "एकसष्टाव्या वर्षी?"

"छापील फॉर्म असतो गं. सगळ्यांना एकच."

"मग करायची कोणी?"

"तूच कर. घरात दुसरं आहे कोण?"

बायकोने सही ठोकली. 'पाल्याच्या वाईट सवयी' या रकान्यात तिला बरेच काही लिहायचे होते, पण हेडसरांनी कागद ओढून घेतला.

हेडसरांना निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. ज्यांच्या नुसत्या खोकण्याने अख्खी सातवी गप्प बसायची, त्यांना आता घरात कुणी हिंग लावून विचारत नव्हते. मुलगी फोनवर "आईला द्या" एवढेच म्हणायची. भाजीवाल्याला शेकडेवारी समजावून सांगायला गेले, तर तो म्हणाला, "काका, मागे रांग आहे." पुन्हा एकदा कुणीतरी आपल्यासमोर वही उघडून बसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती इच्छा फार तीव्र होती. दातांच्या दवाखान्यात त्यांना या शैक्षणिक संस्थेची जाहिरात दिसली. अर्धा जबडा बधिर आणि चष्मा कपाळावर, अशा अवस्थेत त्यांनी तिथल्या तिथे मोबाईलवर अर्ज भरला. चौथ्या दिवशी निवड झाली.

सहीपाठोपाठ सामानाची यादी आली. दोन वह्या, दोन पेन्सिली, एक खोडरबर, गमबूट.

"दोनच वह्या?" हेडसर विचारात पडले. "मुलामागे दोन असणार. वर्गात चाळीस मुलं धरली तर ऐंशी."

"यादीत ऐंशी कुठं लिहिलंय?"

"सगळंच लिहायचं नसतं. समजून घ्यायचं असतं."

मग ऐंशी वह्या आल्या. त्याच हिशेबाने चाळीस खोडरबर आले. गमबूट मात्र, बायको दारात आडवी उभी राहिल्यामुळे, एकच जोड आला. शेजारच्या सुतारकाकांनी घडी होणारा फळा करून दिला. तो उघडायचा, पण पुन्हा मिटायचा नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेतल्या बाईंचा फोन आला. हेडसरांनी स्पीकर लावला आणि ताठ बसले.

"सर, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"अरे वा! झाडावर चढता येतं?"

"नाही, पण..."

"छान! होडी वल्हवता?"

"नाही."

"साप ओळखता येतात?"

"दोरीपासून वेगळा ओळखेन. बहुतेक."

"काय सांगता! सर, तुमच्यासारखं माणूस आम्हाला आजवर मिळालंच नव्हतं."

फोन ठेवून हेडसर आणखीच ताठ बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतके 'नाही' म्हणून इतके कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते.

"तुम्हाला काही येत नाही म्हणून खूश होणारी माणसं आहेत म्हणायची जगात," बायको म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं चिडत होते."

निघायच्या दोन दिवस आधी इमारतीतल्या मंडळींनी हेडसरांच्याच हॉलमध्ये निरोपाचा चहा ठेवला. हेडसर फळ्यासमोर उभे राहून जंगलातल्या मुलांना दशांश अपूर्णांक कसे शिकवणार ते सांगत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. संस्थेचे पत्र आले होते.

"वाचा, वाचा, मोठ्यांदा वाचा!" सुतारकाका म्हणाले.

हेडसरांनी चष्मा नीट नाकावर घेतला. "'आमच्या नव्या विद्यार्थ्यास...' हे मुलांचं पत्र चुकून मला आलेलं दिसतंय. 'शिस्त शिकायची तुमची तळमळ पाहून आम्हाला भरून आले. त्यासाठी तुम्हाला रोज पहाटे चारला उठवले जाईल. शुद्धलेखन आम्ही शिकवत नाही, क्षमस्व. तुमच्या वर्गशिक्षिका, वय त्र्याहत्तर, नदी, झाडे आणि साप हे विषय घेतील.'"

बायकोने बिस्किटांची बशी खाली ठेवली.

"कुणाच्या वर्गशिक्षिका?" सुतारकाकांनी विचारले.

बायकोने हेडसरांच्या हातातून मोबाईल घेतला आणि त्यांनी भरलेला अर्ज उघडला. "'तिथे काय शिकायला आवडेल?'"

"शिकवायला," हेडसर म्हणाले.

"शिकायला. 'व' कुठंय यात? दाखवा."

हेडसरांनी शोधला. अक्षरे मोठी करून शोधला. नव्हता.

"आणि तुमचं उत्तर," बायको पुढे वाचू लागली, "'गणित, शुद्धलेखन आणि विशेषतः शिस्त.' कोणत्या इयत्तेपर्यंत? 'सातवीपर्यंत सहज जमेल.'"

पहिल्यांदा सुतारकाका हसले, मग थांबता थांबेनात. एकेका अक्षरासाठी आयुष्यभर पोरांचा अर्धा-अर्धा मार्क कापणारे हेडसर कानापर्यंत लाल झाले. त्यांना खरोखर रडू येईल असे वाटले. मोबाईल घेऊन ते स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून त्यांनी संस्थेला फोन लावला.

"मॅडम, माफ करा. माझी वाचण्यात चूक झाली. मला शिकवायला यायचं होतं."

मग बाई हळूच म्हणाल्या, "सर, शिकवायला दोनशे बारा जणांचे अर्ज आलेत. शिकायला तुमचा एकट्याचा."

"तरीपण..."

"त्या वर्गशिक्षिका आजींना सगळं जंगल पाठ आहे. पण गावातली पोरं शहरात गेली, तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारत नाही. तुम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी वर्गाची जागा स्वतः झाडून घेतली. आता त्यांना काय सांगू?"

हेडसर ओट्याला टेकले. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी तो फळा मिटायची खटपट करत होते आणि सगळे हसत होते. कुणी काही विचारत नाही म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, त्यांना सांगा, विद्यार्थी येतोय," ते म्हणाले. "जरा मठ्ठ आहे म्हणावं, पण येतोय."