लग्नाचा टॅब

ब्राउझरमधला कोणताही टॅब वर्गीकरण केल्याशिवाय बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. मी हॅनोव्हर नगरपालिकेच्या कचरा विभागात सल्लागार आहे. दह्याच्या डब्याचं झाकण कुठल्या रंगाच्या पिंपात टाकायचं, हे लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो. साहजिकच घरातही मी बेशिस्त खपवून घेत नाही.

बरीच वर्षं एकत्र राहिल्यावर फ्राउकेनं आणि मी लग्न करायचं ठरवलं. नोंदणी कार्यालयानं सप्टेंबरमधला एक शनिवार दिला. शुक्रवारपर्यंत त्यांच्या पानावर तो पक्का करायचा होता. पान समोर उघडंच होतं.

"अरे हाइनर, दाब की ते बटण," फ्राउके म्हणाली.

इतकी महत्त्वाची गोष्ट अशी पसाऱ्यात उरकायची नसते, हे मी तिला शांतपणे समजावलं.

मग मी पिवळ्या रंगाचा 'लग्न' नावाचा गट केला, टॅब त्यात घातला, गट जतन केला. न जाणो, म्हणून तोच टॅब 'नंतर वाचा'मध्ये टाकला आणि वर बुकमार्कही केला. केक, अंगठ्या, बूट यांच्या टॅबांवर अन्याय नको, म्हणून त्यांचेही गट झाले. संगणक धापा टाकायला लागला, तेव्हा मेमरी वाचवण्याची सोय चालू केली. तिनं वापरात नसलेले सगळे टॅब झोपवले. फ्राउके रोज विचारायची आणि मी रोज तिला प्रगती सांगायचो.

शुक्रवारी संध्याकाळी मी टॅब शोधायच्या चौकटीत 'लग्न' लिहिलं. आधी बूट आले, मग केक, मग 'लग्नातलं भाषण आवरतं कसं घ्यावं'. शेवटी खरा टॅब सापडला, जागा झाला आणि मुदत दुपारी बारालाच संपल्याचं म्हणाला. सरकारी शुक्रवार बाराला संपतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्या विभागाचाही तेव्हाच संपतो.

सोमवारी फोन केला. कार्यालयातल्या ब्र्योमेलबाई म्हणाल्या, "तो शनिवार गेला दुसऱ्यांना. आता फेब्रुवारी. थांबा, तुमचा अर्ज माझ्याकडे उघडाच आहे, कुठल्या टॅबमध्ये तेवढं बघते." त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

मी लगेच 'मुदती' नावाचा लाल गट केला. बैल गेला अन् झोपा केला. फ्राउके मागे उभी राहून पाहत होती.

"तुला माझ्याशी लग्न करायचंय, की ते नुसतं जपून ठेवायचंय?"

दोन्ही पर्यायांचा विचार व्हावा, असं मी म्हणालो. ती ब्रेमेनला बहिणीकडे गेली.

तिच्यावाचून घर खायला उठतं. ब्रेमेनला दर तासाला गाडी आहे. वेळापत्रक मी उघडून ठेवलंय, हिरव्या गटात.

हसा खुशाल. तुम्हीही कुणाला तरी 'सवडीनं सविस्तर लिहितो' म्हणून ठेवलंच असेल. ते माणूस एव्हाना बहिणीकडे पोचलंय.